मायेचे माप

वाघ्या घरात आला, तेव्हा तो अवघा दोन महिन्यांचा होता. ग्रेट डेन जातीचे ते पिल्लू. पाय लांब, पंजे थोराड आणि कान मात्र मखमलीसारखे मऊ. घरातल्या मुलाने पहिल्याच दिवशी जाहीर केले, "वाघाला का कुणी दूधभाकर घालते? याला कच्चे मांसच हवे!"

आजोबा हसले, पण नातवाच्या उत्साहाला त्यांनी मोडता घातला नाही. मुलगा रोज खाटकाकडून निवडक मांस आणी. हाड घशात अडकेल या भीतीने त्यात एक कपचाही राहू देत नसे. खाऊसाठी मिळालेले पैसेही तो त्यातच घाली. वाघ्या भराभर उंच होत होता आणि मुलाची छाती अभिमानाने फुगत होती.

पाचवा महिना लागला आणि वाघ्याची धाव मंदावली. त्याचे पुढचे पाय वाकलेले दिसू लागले. उठताना तो कण्हू लागला. एके संध्याकाळी मुलगा शाळेतून आला, तरी वाघ्या दाराशी धावला नाही; पडल्या जागीच केवळ शेपटी हलवीत राहिला. मुलाचे डोळे भरून आले.

जनावरांच्या डॉक्टरांनी वाघ्याचे पाय चाचपले, क्ष-किरणांचे चित्र पाहिले आणि विचारले, "बाळ, याला काय खाऊ घालतोस?"

"उत्तम मांस, डॉक्टर! हाडाचा कणही नसलेले."

"तेच चुकले. लांडगा काही नुसते मांस खात नाही. शिकारीचे काळीज, आतडी, लहान हाडे, सारेच तो खातो. नुसत्या मांसात स्फुरद पुष्कळ आणि कॅल्शियम अगदी थोडे. अन्नातून कॅल्शियम मिळाले नाही, की शरीर ते स्वतःच्याच हाडांतून काढून घेते. चूल पेटवायला घराची तुळईच तोडावी, तसे हे!"

मग डॉक्टरांनी एक हकिकत सांगितली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे मुडदूस होऊन दगावत. त्यांना घोड्याचे बिनचरबीचे मांस मिळत असे. जॉन ब्लँड-सटन या शल्यवैद्याच्या सल्ल्याने त्यांना कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल देण्यात आले आणि छावे बरे झाले. 1889 सालची ही गोष्ट. तेव्हा 'व्हिटॅमिन' हा शब्दही जन्मला नव्हता.

"मग आजपासून हाडांची भुकटी भरपूर घालतो!" मुलगा उतावीळपणे म्हणाला.

"थांब! जादा कॅल्शियम नाकारणे लहान पिल्लाच्या आतड्यांना साधत नाही. ते फार झाले, तरी हाडे बिघडतात. हे पिल्लू दीड-दोन वर्षांत जन्माच्या वजनाच्या जवळजवळ शंभरपट होणार. म्हणून लहानशी चूकही त्याला मोठी भोवते. शिवाय कच्च्या मांसात रोगजंतू असतात. ते गोठवल्यानेही सारे मरत नाहीत. वाघ्याने तुझा हात चाटला आणि तू तो न धुता जेवायला बसलास, तर दुखणे तुझ्याही घरात शिरेल."

डॉक्टरांनी मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी योग्य असा तोलून दिलेला आहार ठरवून दिला आणि वाघ्याला उड्या मारू न देण्याची ताकीद दिली.

घरी आल्यावर मुलगा बराच वेळ गप्प होता. "आजोबा, मी तर त्याला चांगलेच देत होतो ना?" त्याने हळूच विचारले.

"होय रे. माया खरी होती, माहिती अपुरी होती," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातला तराजू वाघ्याच्या थाळीशेजारी येऊन बसला. मुलगा प्रत्येक घास तोलून देई आणि हात साबणाने धुई. आठवड्यांमागून आठवडे गेले. एके संध्याकाळी फाटकाची कडी वाजली आणि वाघ्या उठून उभा राहिला. किंचित लंगडत का होईना, पण तो दारापर्यंत चालत आला. मुलाने दप्तर तिथेच टाकले आणि त्याच्या गळ्याला मिठी मारली.