गिअरबॉक्सला कोणतं तेल?

चि. मृणाल हिस,


गाडी जुनी असली तरी तुझी स्वतःची आहे, याचा फार आनंद झाला. सकाळी दुसरा गिअर अडतो आणि दुकानदार म्हणतो, ‘जीएल-५ तेल टाका, जीएल-४ पेक्षा भारी.’ ते घेऊ नकोस. हा गैरसमज भल्याभल्या गॅरेजांत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रत्येक गिअरशेजारी एक रिंग असते, बहुतेक गाड्यांत पितळेची. तू दांडा ढकललास की ती फिरत्या गिअरच्या निमुळत्या कडेवर घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि मगच गिअर पडतो. म्हणजे दात्यांची झीज थांबवणाऱ्या तेलानेच या रिंगेला घासूही द्यायचं असतं. तेल फार निसरडं असेल तर रिंग नुसती सरकते आणि ‘खर्रर्र’ होतं.

जीएल-५ मुळात हायपॉइड गिअरसाठी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाड्यांच्या डिफरन्शियलमध्ये दाते प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घसरतात, म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. गरम झाल्यावर हेच गंधक पितळेला खातं. हल्लीच्या काही तेलांत हा दोष बराच कमी केलाय, काही डब्यांवर दोन्ही नावं छापलेली असतात. तरी रिंगेच्या घासण्याचा प्रश्न उरतोच. तुझ्या गाडीचं इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना. तिचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात आहे, पण तिथले दाते साधे तिरपे, हायपॉइड नव्हेत. त्या जास्तीच्या औषधाची तिला गरजच नाही.

आता डब्यावरचे आकडे. ७५डब्ल्यू-९० मधला ९० ऐकून ते इंजिनच्या ४० नंबरच्या दुप्पट दाट वाटतं, पण दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. प्रत्यक्षात ते १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलच्या आसपासच असतं. होंडाने जुन्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला चक्क इंजिन ऑइलच सांगितलं होतं. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालत. काही कंपन्या ऑटोमॅटिकचं पातळ एटीएफ सांगतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घ्यायचं, शेजाऱ्याच्या गाडीला काय चाललं ते विचारायचं नाही. पुस्तिकेत ७५डब्ल्यू असेल आणि आत आधीच्या मालकाने त्याहून दाट ८०डब्ल्यू-९० ओतलं असेल, तर नाशिकच्या थंडीत पहिली काही मिनिटं गिअर जड जाणारच.

गाडी तापल्यावर गिअर सुरळीत पडतो का, ते नीट बघ. पडत असेल तर बहुधा तेलाचंच काम. गरम असतानाही खरखरत असेल तर रिंग झिजलीय किंवा क्लच पूर्ण सुटत नाही. मग महागडं तेल ओतून काही होणार नाही.

आत काय आहे ते ठाऊक नाही, म्हणून सगळं बदलूनच घे. गाडी थोडी फिरवून, सपाट जागी उभी करून. मेकॅनिकला आधी वरचा भरायचा प्लग सोडायला लाव. तो गंजून बसला असेल आणि खालून तेल आधीच काढलं, तर गाडी तिथेच अडकेल. खालच्या प्लगला चुंबक असेल तर त्यावर काळसर लगदा दिसेल, त्याने घाबरू नकोस. निथळलेल्या तेलात सोनेरी चमक खूप दिसली तर मात्र मला लगेच फोन कर. प्लगचे वॉशर नवे टाकायला सांग. तेल भोकाच्या काठापर्यंत येऊन ओघळायला लागलं की भरणं थांबवायचं.

पुस्तिका नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मॉडेल आणि साल सांगून विचार, आणि पैसे देण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठव.

तुझा,
मामा