उपनगरांतल्या टेकड्या

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईकर घराबाहेर पडतो तो बहुधा डोंगर पाहायला. माथेरान, महाबळेश्वर, खिसा हलका असेल तर लोणावळा. वास्तविक अंधेरीच्या माणसाला डोंगरासाठी गाडीचे तिकीट काढण्याची गरज नाही. अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल उभी आहे. काळ्या बेसाल्टचे खांब एकमेकांना चिकटवून ठेवावेत तशी सरळसोट, सुमारे दोनशे फूट उंच. तिचे वय साडेसहा कोटी वर्षांहून अधिक, असे भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे आणि तिथून सारे उपनगर पायाशी पसरलेले दिसते.

परंतु आज मला वाचकांना न्यायचे आहे ते वेगळ्याच टेकड्यांवर. त्या निसर्गाने केलेल्या नाहीत. त्या तुम्ही-आम्ही केल्या, आणि त्यांना कोट्यवधी वर्षे लागली नाहीत. पन्नास वर्षांत काम उरकले.

ही यात्रा मला घडली ती एका शब्दापायी. मुलुंडमध्ये ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याचे व्रत घेतलेल्या काही मंडळींचा एक गट आहे. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक निगुतीने वेगळे करून ते पुन्हा कारखान्याकडे जावे म्हणून ही माणसे वर्षानुवर्षे जिने चढत आणि शेजाऱ्यांची बोलणी खात आली आहेत. अलीकडे त्यांच्यात दुफळी माजली. काही तरुण सभासद म्हणू लागले की, एवढे पुरे नाही, आता 'झीरो वेस्ट' हेच ध्येय धरायला हवे. जुन्यांना ते पटेना. अखेर ध्येयावर एकमत होत नाही तर निदान त्याला मराठी नाव तरी द्यावे, असा तोडगा निघाला आणि मला बोलावणे आले. (मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक दोनच कामांसाठी येतात, लग्नपत्रिकेचा मजकूर आणि प्रतिशब्द.) वस्तू पाहिल्याशिवाय तिला नाव ठेवणे बरे नव्हे, म्हणून सभेपूर्वीचे दोन-तीन रविवार मी या वस्तूच्या शोधात घालवले.

पहिली टेकडी बोरिवलीची. स्टेशनवरून गोराई खाडीच्या धक्क्यावर गेले की पलीकडे पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. माणसे होडीत बसतात ती त्याच्याकडे डोळे लावून. मागे कोणी पाहत नाही. मागे बोरिवलीच्या बाजूला एक हिरवी उतरण आहे. १९७२ पासून २००७ पर्यंत इथे उपनगरांचा कचरा पडत होता. मग सुमारे वीस हेक्टरांवरचा तो ढीग नीट उतार देऊन चोपला, झाकला, वर माती पसरून गवत लावले आणि आत कुजणाऱ्या कचऱ्याचा वायू बाहेर काढण्यासाठी नळ्या बसवल्या. दुरून पाहणाऱ्याला ती एखादी निरुपद्रवी टेकडी वाटावी. काम चांगले झाले आहे, यात शंका नाही. पण गालिच्याखाली केर लोटणाऱ्या सुनेला आपल्याकडे कोणी सुगरण म्हणत नाही, हेही तिथे उभे असता आठवल्यावाचून राहिले नाही.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव फळफळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती अक्षरशः खरी झालेली पाहायची तर मालाडला उतरावे. चिंचोली बंदरचा उकिरडा आता शोधून सापडायचा नाही. तिथे काचेच्या उंच इमारती आणि त्यांत संगणकांवर काम करणारी हजारो मुले आहेत. मात्र इमारती उभ्या राहिल्यावर काही वर्षांतच, जमिनीतून निघणाऱ्या वायूंमुळे तिथली यंत्रे गंजून बिघडतात, अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. पुरलेले असे अधूनमधून हाक मारते.

मालाडहून परतताना गोरेगाव लागते, आणि गोरेगाव म्हटले की आरे. या आरेबद्दल पुढे बोलायचेच आहे.

पूर्वेकडची वाट घाटकोपरवरून जाते. घाटकोपर पूर्वेची जोशी लेन ही दिसायला चारचौघींसारखी गल्ली. पण मुंबईच्या कचऱ्याच्या इतिहासात तिला मान आहे. १९९६-९७ च्या सुमारास इथल्या रहिवाशांनी महापालिकेच्या अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन आपली गल्ली आपण साफ ठेवायची, कचरा घरातच वेगळा करायचा, असे ठरवले आणि ते करून दाखवले. त्या नमुन्यावर महापालिकेने १९९७ मध्ये शहरभर 'ए.एल.एम.' म्हणजे वस्तीवस्तीच्या नागरिक समित्यांची योजना आणली. पुढे केंद्र सरकारने २००० साली आणि मग २०१६ साली कचऱ्याचे नियम केले. महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना, रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना, आपला ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितले. पण नियमाच्या वीस वर्षे आधी एका गल्लीने ते मनावर घेतले होते. मुलुंडच्या आमच्या मंडळींचे गोत्र हेच.

दुसरे गोत्र स्त्रियांचे. 'मुलगी झाली हो' हे नाटक आमच्या पिढीच्या मराठी वाचकांना ठाऊक आहे. ते लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर आणि त्यांची स्त्री मुक्ती संघटना यांनी १९९८ पासून कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित करण्याचे काम हाती घेतले. त्या बायकांना तिथे 'परिसर भगिनी' म्हणतात. ज्यांना शहर कचरेवाली म्हणत होते त्यांना ओळखपत्र मिळाले, खत करण्याचे आणि बायोगॅसची यंत्रे चालवण्याचे शिक्षण मिळाले. शब्द बदलल्याने पोट भरत नाही हे खरे. पण आमच्या धंद्यातल्या माणसाला असा शब्द दिसला की बरे वाटते.

मग मुलुंड. पूर्व द्रुतगती महामार्गावरून ठाण्याकडे जाताना उजव्या हाताला जी टेकडी दिसते, ती या सगळ्यांत थोरली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे क्षेपणक्षेत्र १ ऑक्टोबर २०१८ ला बंद झाले, तेव्हा चोवीस हेक्टरांवर अंदाजे सत्तर लाख टन कचरा साठला होता. तो उकरून, चाळून, माती-दगड-प्लास्टिक निराळे करून जागा मोकळी करण्याचे काम सहा वर्षांच्या बोलीने दिले गेले. बोली सरली, मुदती वाढल्या. आणि मुलुंडचे दार लागले म्हणून कचरा थांबला नाही, गाड्या कांजूरमार्गकडे वळल्या. मुलुंडहून तिसरे स्टेशन. मुलुंडच्या लोकांनी वास सोसला, आता तो भांडुप-कांजूरचे लोक सोसत आहेत.

सभा एका सोसायटीच्या सभागृहात होती. जुन्यांचे पुढारी एक निवृत्त बँक अधिकारी. सारेजण त्यांना अण्णा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, अक्षर मोत्यासारखे, हिशेब चोख. त्यांनी मला बसायला सांगितले आणि चहा येण्यापूर्वीच तोफ डागली.

"सर, लोकांना ओला-सुका शिकवता शिकवता आमचे केस पांढरे झाले. आता कुठे निम्मे लोक ऐकायला लागलेत. त्यांना जाऊन सांगायचं की हे पुरेसं नाही, शून्य करा? उद्या दोन डबे ठेवतात तेही ठेवणार नाहीत. आणि शून्य कधी होतं का हो?"

हा आक्षेप पोकळ नव्हता. ध्येय फार उंच टांगले की माणसे उडी मारण्याऐवजी खाली बसतात, हे वर्गात शिकवणाऱ्याला कोणी सांगायला नको. तरुणांनी उत्तरादाखल पुष्कळ इंग्रजी शब्द वापरले. अण्णा ढिम्म हलले नाहीत.

मग एक काकू उठल्या. त्यांनी आठवडाभर आपल्या मजल्यावरचा सुका कचरा गोळा करून, वेगळा करून, भंगारवाल्याला दिला होता, आणि त्याने जे नाकारले ते एका गोणीत भरून आणले होते. ती त्यांनी सतरंजीवर पालथी केली. वेफर्सची आतून चंदेरी पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोलचे तुकडे, घरपोच जेवणाबरोबर येणारे आमटी माखलेले डबे, टूथपेस्टच्या नळ्या, भेटवस्तूंचे चकाकते कागद. "लंगोटांचा मी नुसता उल्लेख करते," काकू म्हणाल्या, "आणलेले नाहीत."

अण्णांनी एक पाकीट उचलून उजेडात धरले. प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांवर असे चिकटवलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही. म्हणून ते ना प्लास्टिकच्या भावात जाते, ना पत्र्याच्या.

कोपऱ्यात एक मावशी बसल्या होत्या. त्या परिसरात वीसेक वर्षे कचरा वेचणाऱ्या, आता सोसायट्यांचे खत सांभाळणाऱ्या. आतापर्यंत त्या बोलल्या नव्हत्या, कारण त्यांना कोणी विचारले नव्हते. त्या म्हणाल्या, "बाटली घेतात, पुठ्ठा घेतात, दुधाची पिशवी घेतात. हे कुणी घेत नाय. याला वाकायचं तेवढंच, आन् काट्यावर शून्य."

सभेत प्रथमच सगळे गप्प झाले. तीन आठवडे मी शून्य हा शब्द गणितातून, तत्त्वज्ञानातून, कोशातून तपासत होतो. मावशींच्या शून्याला वजन होते.

पण मावशींचे संपले नव्हते. "आन् एक सांगते. उद्या तुमी बाटल्याच बंद कराल. चांगलं हाय. मग आमी खायचं काय?" याला तरुणांकडे उत्तर नव्हते, आणि त्यांनी ते आहे असे भासवले नाही, हे मला आवडले.

मी त्यांना जपानमधल्या कामिकात्सु या गावाची हकिकत सांगितली. शिकोकू बेटावरचे दीडएक हजार वस्तीचे हे डोंगरी गाव. २००३ साली त्यांनी जाहीर केले की २०२० पर्यंत आपला कचरा शून्यावर आणू. लोक स्वतः घरचा कचरा धुऊन केंद्रावर आणू लागले आणि पंचेचाळीस प्रकारांत वेगळा करू लागले. एवढे करून २०२० पर्यंत मजल गेली सुमारे ऐंशी टक्क्यांपर्यंत. उरलेल्या पाचव्या हिश्श्यात अशाच वस्तू, ज्या वेगळ्या करून काही उपयोग नाही, कारण त्या मुळातच तशा बनवलेल्या.

"पंचेचाळीस?" अण्णा म्हणाले. "आमच्याकडे दोनसाठी मारामारी." आणि जरा वेळाने, "म्हणजे जपान्यांनीसुद्धा हात टेकले म्हणा."

"त्यांनी नाही टेकले," काकू म्हणाल्या. "उरलेलं काम घरात होण्यासारखं नाही, बनवणाऱ्याच्या दारात आहे, एवढंच."

यानंतर अण्णा आठवणीत शिरले, आणि माझ्या मते सभा तिथे जिंकली गेली. त्यांचे बालपण गोरेगावचे. आरेची दुग्ध वसाहत १९५१ साली सुरू झाली. दारा खुरोडी यांच्या देखरेखीखालच्या त्या दूध योजनेचे दूध काचेच्या बाटल्यांतून केंद्राकेंद्रावर पोचत असे. पहाटे कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे, रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. "बाटली विसळून नेली नाही की आई पाठीत धपाटा घालायची," अण्णा सांगत होते. "झाकणाचा चंदेरी कागदसुद्धा आम्ही जमवत असू. दूध पिऊन झालं की कचरा म्हणून काय उरायचं? काहीच नाही." बोलता बोलता ते थांबले. आपण प्रतिपक्षाची बाजू मांडत आहोत हे त्यांच्या ध्यानात आले असावे.

खरे तर बाटलीपुरतीच ही गोष्ट नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथून रोज सकाळी डबेवाले जेवणाचे डबे घेऊन गाडीत चढतात आणि दुपारी तेच डबे रिकामे करून घरोघर परत आणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे चालले आहे. आपल्या घरांत फराळाचा डबा शेजारी जातो तोही परत येतो, आणि रिकामा येऊ नये म्हणून त्यात चिमूटभर साखर तरी घातलेली असते. जुन्या लुगड्याची गोधडी होई, उरलेले कपडे बोहारीण नेई. आपल्या आज्यांना पुनर्वापराचे तत्त्वज्ञान ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. वस्तू महाग होत्या आणि पैसा कमी, म्हणून त्या फेकवत नसत. गरिबीला सद्गुण म्हणून मिरवण्याची आपली खोड जुनी आहे. परंतु परतीची वाट असलेली वस्तू कशी चालते, हे या उपनगरांना जपानकडून शिकायला नको, एवढे मात्र खरे.

ठराव लिहायला अण्णाच बसले. ओला-सुका चालू ठेवायचा, त्यात काडीचा बदल नाही. त्याशिवाय काट्यावर ज्याची किंमत शून्य, ते दर रविवारी वेगळे काढून मोजायचे, कोणाची कोणती पाकिटे किती ते वहीत लिहायचे. सुरुवात त्यांपासून, बाटलीला आणि पुठ्ठ्याला, म्हणजे मावशींच्या मिळकतीला, तूर्त हात लावायचा नाही. २०१६ च्या प्लास्टिकविषयक नियमांनी वेष्टणांची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकलीच आहे, तेव्हा वहीतल्या नोंदींसह त्यांना पत्रे धाडायची. नाक्यावरच्या वाण्याला आणि पोळीभाजी केंद्राला घरचे डबे चालवून घ्यायला सांगायचे. शेवटचे कलम मावशींनी घालायला लावले: कचरा कमी होईल तसतसे वेगळे करण्याचे, मोजण्याचे आणि खताचे काम याच बायकांना महिन्याच्या पगारावर द्यायचे. "मोजणी फुकट नाय करणार," त्या म्हणाल्या. या कलमावर अर्धा तास वाद झाला. एक गृहस्थ, सोसायटीच्या खर्चाचे काय, असे पुटपुटत उठून गेले. कलम राहिले.

नावाचे काय, असे शेवटी कोणीतरी विचारले. मी टिपून आणलेले सहा-सात शब्द वाचले. संस्कृतप्रचुर दोन शब्दांवर तरुण हसले, ते रास्तच होते. 'शून्य कचरा' ठेवा, असे मी सांगितले. मावशींना तो आधीच कळला होता.

काटा आता जिन्याखाली टांगलेला आहे. वहीची पहिली काही पाने भरली. पोळीभाजीवाल्या बाईंनी डब्याची अट लगेच मान्य केली, वाणी अजून विचार करतो आहे, पत्रांपैकी एकाचे छापील उत्तर आले. दिवाळीच्या आठवड्यासाठी, सुक्या मेव्याची खोकी आणि त्यांवरचे चंदेरी कागद ध्यानात घेऊन, अण्णांनी चार पाने कोरी राखली आहेत.