आदत खोंड, अमेरिकेतलं कार्ड आणि माझी एक हेडलाइन

पोस्ट लांब आहे. सवड असेल तेव्हाच वाचा. सुरुवात अमेरिकेतल्या बेसबॉलच्या कार्डांपासून आहे, पण अर्ध्यातून सोडू नका, शेवटी आपल्याच तालुक्यात यायचंय.

खरसुंडीच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार ज्यांनी बघितलाय त्यांना हा विषय लगेच कळेल. आदत खोंड, म्हणजे अजून दात लावले नाहीत असं. त्यानं एकही शर्यत मारलेली नसते. तरी चार जाणती माणसं त्याच्याभोवती फिरतात, पाय बघतात, छाती बघतात, वशिंडावर हात फिरवतात, कुठल्या वळूचं आहे विचारतात आणि ऐकणाऱ्याचे डोळे पांढरे व्हावेत अशी बोली लावतात. पैसे मोजतात ते उद्याच्या शर्यतीचे.

अमेरिकेत असाच बाजार माणसांच्या पोरांवर चालतो. तिथं पोराचा फोटो छापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड विकत घेतात. एवढंसं, पत्त्याच्या पानापेक्षा थोडं मोठं.

मला याची ओळख झाली २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. माझा भाचा न्यू जर्सीत असतो, कॉम्प्युटरच्या नोकरीत. गावच्या घराचे पत्रे मी बदलून घेतले होते, त्यातला त्याचा वाटा साठ हजार निघत होता. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, पैसे पाठवतो, पण एक विचारू? इथं बेसबॉलच्या कार्डांना सोन्याचा भाव आलाय. तुमचे साठ हजार यात लावू का?" आधी हसलो. मग त्यानं एकेक आकडा सांगायला सुरुवात केली.

माइक ट्राउट नावाचा खेळाडू. २००९ साली संघांनी नवीन पोरं निवडली तेव्हा हा पंचविसावा निवडला गेला. त्याच वर्षी त्याचं सही असलेलं एक कार्ड छापलं, जगात एकच प्रत. ते कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. त्याआधी दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तेच चार लाख डॉलरला घेतलं होतं. म्हणजे दोन वर्षांत जवळजवळ दहापट. आपल्याकडं जमीन पण एवढी वाढत नाही. पत्रकार असलो तरी माणूसच की. म्हणलं, लाव.

मग मला नादच लागला. रात्री बातम्या पाठवून झाल्या की मोबाईलवर बेसबॉल. थोडक्यात सांगतो ही मंडळी पोरं कशी पारखतात, कारण पद्धत खरंच अभ्यासाची आहे.

संघांचे पारखी, म्हणजे स्काउट, पोराला पाच गोष्टींत मार्क देतात: चेंडूला बॅट लावणं, फटक्यातली ताकद, पळणं, क्षेत्ररक्षण आणि हाताचा जोर. मार्क २० ते ८० मध्ये. ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सर्वसाधारण खेळाडू, ८० म्हणजे पिढीत एखादाच. निवड झाली की पोरगं थेट मोठ्या लीगमध्ये जात नाही. खाली सिंगल-ए, मग डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या असतात. तिथं वर्षानुवर्षं बसप्रवास, तुटपुंजा पगार, आणि बरेचसे तिथूनच घरी जातात.

कार्डवाले यात स्वतःचे ठोकताळे घालतात. वय बघतात: एकोणीस वर्षांचा पोरगा डबल-ए मध्ये नीट खेळत असेल तर चोवीस वर्षांच्या पोरापेक्षा त्याचा भाव जास्त, आकडे सारखे असले तरी. नुसते होम रन बघत नाहीत, किती वेळा चेंडू हुकून बाद झाला तेही बघतात. पिचरवर, म्हणजे त्यांच्या बॉलरवर, पैसे लावताना दहादा विचार करतात, कारण कोपर कधी जाईल सांगता येत नाही. संघ कुठला तेही महत्त्वाचं. न्यूयॉर्क यँकीजचा पोरगा म्हणजे भाव वर.

मग खुद्द कार्ड. बोमन नावाच्या ब्रँडवर 'फर्स्ट बोमन' असा शिक्का असलेलं कार्ड म्हणजे त्या पोराचं त्यातलं पहिलं. त्यातही रंग: सोनेरी पन्नास प्रती, नारिंगी पंचवीस, लाल पाच आणि सुपरफ्रॅक्टर एकच. ते ग्रेडिंग कंपनीकडं पाठवायचं. ती कोपरे, कडा, छपाई मध्यावर आहे का हे बघून दहापैकी मार्क देते आणि प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करते. नऊ आणि दहा मार्कांत पैशाचा मोठा फरक पडतो.

आमचे साठ हजार, म्हणजे तेव्हाचे आठशे डॉलर, लागले जासन डोमिंगेझ या पोरावर. दोन कार्डं, सही नसलेली, पण रंगीत. पोरगा डॉमिनिकन रिपब्लिकचा. यँकीजनं त्याला २०१९ मध्ये सोळाव्या वर्षी ५१ लाख डॉलर देऊन घेतलं. टोपणनाव 'द मार्शियन', मंगळावरचा माणूस. आम्ही कार्ड घेतलं तेव्हा त्यानं व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता. आदत खोंडच.

जरा इतिहास बघितला असता तर मी थांबलो असतो. १९९१ साली यँकीजनंच ब्रायन टेलर नावाचा पिचर पहिल्या क्रमांकानं निवडला, साडेपंधरा लाख डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका भांडणात त्याचा खांदा गेला. मोठ्या लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही. उलट अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये ४०२ वा निवडला गेला, म्हणजे ४०१ पोरं त्याच्या आधी, आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ७०३ होम रन होते. चूक कार्डवाल्यांची नव्हती. ज्यांचा धंदाच पोरं पारखण्याचा आहे ते संघच चुकले होते.

आणि पोरगं यशस्वी झालं तरी कार्डवाला जिंकतोच असं नाही. स्टीफन स्ट्रासबर्ग २००९ चा पहिला. जून २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात त्यानं चौदा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याच्या कार्डांसाठी लोक वेडे झाले. ऑगस्टमध्ये कोपर गेलं, शस्त्रक्रिया झाली. पुढं तो परत आला, २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार मिळाला, आणि त्यानंतर जेमतेम आठ सामने खेळून दुखापतींनी संपला. त्याची कारकीर्द कुणालाही हेवा वाटावी अशी आहे. पण २०१० च्या उन्हाळ्यात ज्यांनी कार्ड घेतलं त्यांना तो वर्ल्ड सिरीज जिंकूनही पुरला नाही. कारण त्यांनी देवाचे पैसे मोजले होते आणि मिळाला चांगला खेळाडू.

इथं मला या धंद्याची मेख कळली. कार्डाचा भाव पोराच्या खेळावर ठरत नाही, बाकीच्या लोकांच्या आशेवर ठरतो. पोरगं खेळायला उतरेपर्यंत आशेला मर्यादा नसते. उतरलं की आकडे येतात, आणि आकडा कुठंतरी थांबतो. म्हणून जुने खेळाडू, म्हणजे कार्डांच्या बाजारातले, एकच मंत्र सांगतात: पदार्पणाच्या हवेत विकून मोकळे व्हा.

भाच्यानं मला तो सांगितला होता. १ सप्टेंबर २०२३ ला डोमिंगेझ यँकीजकडून पहिला सामना खेळला, आणि पहिल्याच वेळी बॅट घेऊन उभा राहिला तेव्हा जस्टिन व्हरलँडरसारख्या दिग्गजाला होम रन मारला. भाच्याचा फोन, "मामा, आत्ता विकू?" मी म्हणलं, "थांब रे, अजून वाढतंय." आठ सामन्यांत चार होम रन. मी मनातल्या मनात घराला रंग दिला.

मग बातमी आली. कोपरातला लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया. वर्षाचा बराचसा भाग गेला.

आता खरं लिहितो, कारण ही पोस्ट त्यासाठीच आहे. बातमी वाचल्यावर माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला, "गेले पैसे." पोराचा हात मोडला हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना सुचलं. वीस वर्षांचं पोरगं. माझा थोरला त्याच्याच वयाचा.

कार्डं गेल्या वर्षी विकली. तेवीस हजार हातात आले. डोमिंगेझ परत खेळतोय, बरा खेळतोय, त्याचं चांगलं होवो. साठाचे तेवीस झाले याचं दुःख फार नाही, पत्रे तर गळत नाहीत. पण ते "गेले पैसे" डोक्यातून जाईना.

मग या पोरांची मागची गोष्ट वाचायला घेतली. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पोरगं सोळाचं झालं की करार होतो, पण तोंडी शब्द बारा-तेराव्या वर्षीच दिला जातो. मध्ये 'बुस्कोन' नावाचा माणूस असतो. तो पोराला शोधतो, खायला-प्यायला घालतो, सराव करून घेतो आणि कराराच्या पैशातून मोठा हिस्सा घेतो. उसतोडीचा मुकादम आणि उचल ज्यांना माहीत आहे त्यांना अजून समजावून सांगायची गरज नाही. बहुतेक पोरांची शाळा सुटलेली असते. एखाद्याला लाखो डॉलर मिळतात, बाकीच्यांचं काय होतं त्याचं कार्ड कुणी छापत नाही.

भारतातली दोन पोरंही या वाटेनं गेली होती. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू. २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्सनं घेतले. त्यांच्यावर हॉलिवूडचा सिनेमा आला. मोठ्या लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत.

आता आपल्या तालुक्यात येतो.

चार वर्षांपूर्वी मी एक बातमी केली होती, काहींना आठवत असेल. शेजारच्या गावचा पंधरा वर्षांचा पोरगा, वेगवान गोलंदाज. मी दोन षटकं बघितली. हेडलाइन दिली: 'तालुक्याचा भावी बुमराह'. फोटो चार कॉलम. लोकांनी स्टेटसला लावली, आमदारांनी सत्कार केला. वडिलांनी ते कात्रण दाखवून पतसंस्थेत कर्ज मागितलं आणि पोराला पुण्याला अकादमीत ठेवलं. पुढं रोज नेटमध्ये मारून मारून पोराची पाठ गेली. मणक्याला बारीक फ्रॅक्चर. वेगवान गोलंदाजांना, त्यातही वाढत्या वयात, हे होतं, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी विचारलंही नव्हतं की पोरगं दिवसाला किती चेंडू टाकतं.

महिन्यापूर्वी त्यांच्या घरी गेलो. पोरगा आयटीआयला जातो. कर्जाचे हप्ते चालू आहेत. वडील मला काही बोलले नाहीत, चहा दिला. भिंतीवर माझी बातमी होती, लॅमिनेट केलेली. मला ती प्लॅस्टिकच्या पेटीतली दहा मार्कांची कार्डं आठवली. चहा गिळवेना.

"दादा, तुमी लई चांगलं लिवलं होतं," पोराची आई म्हणाली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

अमेरिकेत बसून कंपनी छापते, तालुक्यात बसून मी छापत होतो. कार्ड घेणाऱ्याचे साठ हजार जातात आणि विषय संपतो. हेडलाइनवर विश्वास ठेवणाऱ्याची पोराच्या वयाची चार वर्षं जातात.

आता तर हवा अजून गरम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयपीएलच्या लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला एक कोटी दहा लाख मिळाले, पुढच्या एप्रिलमध्ये त्यानं ३५ चेंडूंत शतक ठोकलं. पोराचं कौतुक आहेच. पण तेव्हापासून माझ्याकडं बारा-तेरा वर्षांच्या पोरांचे बाप व्हिडिओ घेऊन येतात, "साहेब, एक बातमी लावा." प्रत्येकाला वैभव दिसतो. ४०१ दिसत नाहीत.

मी ठरवलंय. अठराच्या आतल्या पोराच्या नावापुढं 'भावी' लिहिणार नाही. काल काय केलं ते लिहीन: किती धावा, किती बळी, कुणासमोर. सोबत शाळा कुठली, कितवीत आहे, तेही लिहीन. अकादमीची बातमी आली तर फी किती, फिजिओ आहे का आणि गेल्या पाच वर्षांत किती पोरं पुढं गेली, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय छापणार नाही. जाहिरात गेली तर गेली.

आणि त्या पोराच्या कर्जाचे चार हप्ते मी भरतोय. तेवीस हजार तिथंच गेले. हे मोठेपणासाठी सांगत नाही, वडिलांनी घ्यायला नकार दिला होता, पोराच्या आईनं घेतले. अजून बरेच हप्ते राहिलेत.

पत्रकार मित्रांनो, तुमच्याही जुन्या कात्रणांत एखादा 'भावी' असेल. एकदा जाऊन भेटून या.