पहिल्या तीन रांगा

संत्र्याच्या मुलखातून आलेल्या मनुष्याला नारिंगी रंगाचे अप्रूप ते काय असणार. तथापि अमेरिकेतल्या नॉक्सव्हिलला आल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात एका सायंकाळी, आंबिया बहराच्या पिकल्या फळाच्या रंगाचे कपडे घातलेल्या आजीबाई आणि कडेवरची पोरे टेनेसी नदीकाठच्या क्रीडागृहाकडे लोटताना पाहून, मोर्शीच्या बाजारातले संत्र्यांचे ढीग आठवले आणि मी रस्त्याच्या कडेला थबकलो. ही गर्दी मुलींचा बास्केटबॉलचा सामना पाहावयास निघाली आहे, हे कळले तेव्हा मात्र मी चकित झालो. कारण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखविले, या अभिमानावर वाढूनही मुलींच्या खेळासाठी कोणी तिकीट काढील, ही कल्पना मला कधी शिवली नव्हती.

या गर्दीचे मूळ टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक पॅट समिट या बाईंच्या कारकिर्दीत आहे. त्यांचा जन्म १९५२ चा. वडिलांचा व्यवसाय दूधदुभत्याचा व शेतीचा, आणि भावांबरोबरचा खेळ गवताच्या माळ्यावरचा. गावच्या हायस्कुलात मुलींचा संघ नाही, एवढ्यासाठी वडिलांनी बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलविले. मुलीच्या लग्नापायी वावर विकणारे बाप वऱ्हाडात पुष्कळ पाहिले. तिच्या खेळापायी घर बदलणारा शेतकरी मी तरी ऐकला नव्हता. त्या काळी टेनेसीच्या शाळांत मुलींच्या संघात सहाजणी असत. तिघींनी फक्त चेंडू टोपलीत टाकावयाचा, तिघींनी फक्त अडवावयाचे, आणि मधली रेषा कोणी ओलांडावयाची नाही, असा तो सोवळा शिरस्ता १९७९ पर्यंत टिकला.

१९७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बाई टेनेसी विद्यापीठात मुख्य प्रशिक्षकाच्या हुद्द्यावर रुजू झाल्या, तेव्हा तनखा दरमहा २५० डॉलर होता, गणवेश धुण्याचे काम त्यांच्याकडेच होते आणि सामन्यांना जाण्याची गाडीही त्याच हाकीत. मोर्शीला फोनवर हे सांगितले, तर दादा म्हणाले, “अन् धुन्याचे पैशे अलग देत होते का रे?” स्त्रियांना शिक्षणसंस्थांत समान वागणूक देण्याचा कायदा १९७२ सालीच झाला होता, दरवाजा उघडला होता खरा, परंतु आत पडलेला धुण्याचा ढीग उपसला तो अशा बायकांनी. पहिला सामना एका गुणाने गेला. तो धरून एकूण अडतीस हंगामांत विजय १,०९८, पराजय २०८, राष्ट्रीय अजिंक्यपदे आठ. शिवाय १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघाला सुवर्णपदक मिळाले, ते याच बाईंच्या हाताखाली.

मला मात्र या आकड्यांहून त्यांचे एक फर्मान मोठे वाटते: खेळाडूने वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावयाचे, आणि वर्ग बुडविला तर सामन्याला मुकावयाचे. आमच्याकडे संघात निवड झाली, की हजेरीपटावरून मुलाचे नाव जवळजवळ खारीज होते, आणि मास्तरही त्याबद्दल अवाक्षर काढीत नाहीत.

२०११ साली, साठीही उलटली नसताना, बाईंना स्मृतिभ्रंशाचा विकार जडल्याचे निदान झाले. त्यांनी ते स्वतः जाहीर केले, तशाच आणखी एक हंगाम मैदानाशेजारी उभ्या राहिल्या, २०१२ च्या एप्रिलमध्ये पद सोडले आणि २०१६ च्या जूनमध्ये याच शहरात त्यांचा अंत झाला. हेही दादांना सांगितले. पलीकडे बराच वेळ नुसती खरखर होती, मग दादा म्हणाले, “पोरी तरी वळखू येत होत्या का बाईले?”