कट्ट्यावरचे म्युनिक

३० सप्टेंबर १९३८च्या संध्याकाळी लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर नेव्हिल चेंबरलेन यांनी जो कागद वाऱ्यावर फडकावला, तो म्युनिकचा करार नव्हता. चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश जर्मनीला तोडून देणाऱ्या करारावर चार देशांच्या प्रमुखांनी मध्यरात्र उलटल्यावर सह्या केल्या होत्या. फडकावलेला कागद निराळा. सकाळी चेंबरलेन हिटलरच्या म्युनिकमधल्या राहत्या घरी गेले, सोबत आणलेला तीन छोट्या परिच्छेदांचा टंकलिखित मजकूर त्याच्यापुढे ठेवला आणि त्यावर त्याची सही घेतली. आपल्या दोन देशांनी पुन्हा कधी एकमेकांशी लढू नये अशी दोन्हीकडच्या जनतेची इच्छा आहे, मतभेद निघालेच तर सल्लामसलतीने मिटवू, असा त्याचा आशय. त्यात चेकोस्लोव्हाकियाचे नावसुद्धा नाही.

तपशील किरकोळ वाटेल, पण तो ठाऊक असलेला माणूस गप्पांच्या फडात सहसा भेटत नाही. आधुनिक युरोपचा इतिहास शिकवणे हा प्रस्तुत लेखकाचा पेशा असल्यामुळे लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या बाकापर्यंत त्याला गाठून विचारले जाते, ‘काय हो सर, चर्चिल थोर की खुनी?’ त्यावर निदान दोन्ही बाजूंचे घसे बसेपर्यंत वाद तरी होतो. चेंबरलेनबद्दल कुणी विचारतच नाही. त्यांचा निकाल कधीच लागून गेला आहे: छत्री घेऊन हिटलरच्या दारी गेलेला भेकड म्हातारा. मग जगात कुठेही कुणी नेता शत्रूशी बोलणी करायला बसला, की त्याच्यावर हाच शिक्का मारून मंडळी चहाकडे वळतात.

भेकड हे विशेषण त्यांच्या शत्रूंनाही पटले नसते. बर्मिंगहॅमच्या बड्या राजकीय घराण्यातले हे गृहस्थ. वडील जोसेफ हे व्हिक्टोरियाच्या काळातले दबदब्याचे राजकारणी, सावत्र भाऊ ऑस्टिन हे लोकार्नो करारासाठी १९२५चे शांततेचे नोबेल मिळवणारे परराष्ट्रमंत्री. नेव्हिलला वडिलांनी तरुणपणी बहामा बेटांवर घायपाताचा मळा करायला धाडले. काही वर्षे उन्हातान्हात राबूनही तो मळा बुडाला. परतल्यावर कारखानदारी, १९१५मध्ये बर्मिंगहॅमचे महापौरपद, पुढे आरोग्यमंत्री, अर्थमंत्री आणि मे १९३७मध्ये पंतप्रधान. फाइल कोळून पिणारा आणि विरोधी बाकांवरच्या लोकांना तुच्छ लेखणारा माणूस. आत्मविश्वास कमी पडल्याची तक्रार त्यांच्याबद्दल कुणी कधी केली नाही.

१९३८च्या सप्टेंबरात त्यांच्या टेबलावर काय होते, ते आधी पाहू. मार्चमध्येच तिन्ही सेनादलांच्या प्रमुखांनी लेखी कळवले होते की चेकोस्लोव्हाकियाला जर्मनीने गिळण्यापासून ब्रिटन लष्करी बळावर वाचवू शकत नाही. स्पिटफायर विमाने पहिल्या स्क्वाड्रनच्या हाती पडायला ऑगस्ट उजाडला होता. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका या स्वायत्त वसाहतींना सुडेटनसाठी युद्ध नको होते. मजूर पक्षाने १९३७पर्यंत शस्त्रखर्चाच्या मागण्यांना विरोधच केला होता. आणि बॉम्बफेकी विमानांना कोणी अडवू शकत नाही, ही धास्ती स्पेनमधल्या ग्वेर्निकावरच्या बॉम्बफेकीच्या बातम्यांनंतर घरोघरी बसली होती. लंडनच्या हाइड पार्कात खंदक खणले जात होते आणि देशभर सुमारे ३ कोटी ८० लाख गॅस मुखवटे वाटले गेले होते. चेंबरलेन यांचा जिवलग चुलतभाऊ नॉर्मन १९१७मध्ये फ्रान्सच्या रणांगणावर पडला होता. त्याच्यावर त्यांनी एक छोटे स्मृतिपुस्तकही लिहिले होते. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी ते विमानात बसून एकदा नव्हे, दोन आठवड्यांत तीनदा जर्मनीला गेले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले यात नवल नाही. पॅरिसला परतणाऱ्या फ्रेंच पंतप्रधान दलादिये यांना तर वाटले होते की विमानतळावरची गर्दी आपल्याला फाडून खायला आली आहे. तीही जयजयकार करत होती.

एवढे वाचून चेंबरलेन यांचा वकील होण्याचा मोह होतो. १९६०च्या दशकाअखेरपासून बऱ्याच इतिहासकारांना तो झालाही. सरकारी कागदपत्रे पन्नास वर्षे बंद ठेवण्याचा नियम ब्रिटनने १९६७च्या कायद्याने तीस वर्षांवर आणला, १९३०च्या दशकातले दप्तर उघडले आणि अभ्यासकांना दिसले की पंतप्रधानांचे हात किती बाजूंनी बांधलेले होते. त्यांनी वेळ विकत घेतला, त्या वेळेत रडारची साखळी आणि लढाऊ विमाने उभी राहिली, म्हणून १९४०मध्ये ब्रिटन तगले, असा युक्तिवाद त्यातून घडला.

तो अर्धाच खरा आहे. वेळ हिटलरलाही मिळाला. चेक सीमेवरची तटबंदी, २३ सप्टेंबरला लामबंद झालेली चेक फौज आणि श्कोडाचे शस्त्रकारखाने हे सगळे न लढता पटावरून गेले. मे १९४०मध्ये रोमेलची सातवी पँझर डिव्हिजन फ्रान्समध्ये घुसली तेव्हा तिच्या रणगाड्यांत निम्म्याच्या आसपास चेक बनावटीचे होते.

आणि चेंबरलेन यांच्या विरोधातला सर्वांत जड पुरावाही उपलब्ध आहे. तो त्यांच्याच हातचा आहे. आयडा आणि हिल्डा या दोन अविवाहित बहिणींना ते नेमाने सविस्तर पत्रे लिहीत. बेर्खतेसगाडेनला हिटलरची पहिली भेट घेऊन आल्यावर १९ सप्टेंबरच्या पत्रात ते कळवतात की चेहऱ्यावर कठोरपणा दिसला खरा, पण एकदा शब्द दिला तर पाळेल असा हा माणूस वाटला. बहिणीला लिहिताना माणूस मनातले लिहितो म्हणून सोडून देता येईल. पण २४ तारखेला, म्हणजे हिटलरने गोडेसबर्गच्या दुसऱ्या भेटीत मागण्या आणखी वाढवल्यानंतर, हेच त्यांनी मंत्रिमंडळाला सांगितले: हिटलरवर आपला प्रभाव पडला आहे, तो आपल्याला फसवणार नाही.

दुसऱ्या दिवशीचा प्रसंग मराठी वाचकाला जवळचा वाटावा, कारण त्यातला दुसरा माणूस आपल्या ओळखीचा आहे. परराष्ट्रमंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स म्हणजे गांधी-आयर्विन करारातले आयर्विन. नोव्हेंबर १९३७मध्ये ते हिटलरला भेटायला गेले, तेव्हा मोटारीतून उतरताना समोर उभा असलेला इसम त्यांना नोकर वाटला आणि ते त्याच्या हाती कोट देणारच होते. तो हिटलर होता. हिंदुस्थानचा प्रश्न कसा सोडवावा यावर यजमानाने पाहुण्यांना जेवणानंतर सल्लाही दिला: आधी गांधींना गोळ्या घाला, भागले नाही तर काँग्रेसच्या डझनभर पुढाऱ्यांना, तेवढ्यानेही नाही भागले तर दोनशेंना. ज्या माणसाने गांधींशी समोरासमोर बसून करार केला, त्याने हे ऐकून घेतले आणि तरीही वर्षभर चेंबरलेन यांना साथ दिली. पण २५ सप्टेंबरला, रात्रभर झोप न आलेल्या हॅलिफॅक्स यांनी मंत्रिमंडळात शांतपणे सांगितले की गोडेसबर्गच्या अटी चेक लोकांवर लादणे मला मान्य नाही. चेंबरलेन यांनी टेबलावरून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी सरकवली. तुमचे मत एका रात्रीत पालटले हा माझ्यावर भयंकर आघात आहे, अशी तिची सुरुवात. हॅलिफॅक्स यांनी चिठ्ठीनेच क्षमा मागितली, पण मत बदलले नाही.

म्हणजे समोर तेच कागद, तेच सेनाप्रमुखांचे अहवाल, तोच हिटलर असताना एका माणसाला शंका आली आणि दुसऱ्याला आली नाही. परिस्थितीने हात बांधले होते, ही सबब इथे संपते. म्युनिकला जाणे समजू शकते. तिथून आणलेल्या सहीवर विश्वास ठेवणे समजत नाही. करार झाल्यावर हॉटेलात तिष्ठत बसवलेल्या दोन चेक प्रतिनिधींना बोलावून तो मजकूर हाती देण्यात आला, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने नोंदवून ठेवले आहे की चेंबरलेन सतत जांभया देत होते. १५ मार्च १९३९ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या.

मग भेकडपणाची दंतकथा कुठून आली? तिचा जन्म जुलै १९४०चा. डंकर्कच्या माघारीनंतर मायकेल फूट, फ्रँक ओवेन आणि पीटर हॉवर्ड या तीन पत्रकारांनी ‘केटो’ या टोपणनावाने ‘गिल्टी मेन’ हे छोटे पुस्तक काही दिवसांत लिहून काढले. पंधरा गुन्हेगारांच्या यादीत चेंबरलेन होतेच. मोठ्या विक्रेत्यांनी ते ठेवायला नकार दिला, तर ते रस्त्यावर हातगाड्यांवरून विकले गेले आणि लाखोंनी खपले. गंमत अशी की हे तिघे लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या वृत्तपत्रांत नोकरीला होते, आणि यंदा युद्ध होणार नाही अशी ग्वाही वाचकांना देण्यात हीच वृत्तपत्रे आघाडीवर होती. त्यानंतर आले चर्चिल. भूतकाळ इतिहासावर सोपवा, विशेषतः तो इतिहास मीच लिहिणार असल्यामुळे, असे त्यांनी जानेवारी १९४८मध्ये पार्लमेंटमध्ये मिश्कीलपणे सांगितले आणि त्याच वर्षी युद्धाच्या इतिहासाचा पहिला खंड बाजारात आणला. चेंबरलेन ९ नोव्हेंबर १९४०लाच कर्करोगाने गेले होते. उत्तर द्यायला कोणी उरले नव्हते.

चर्चिल यांचा हिटलरविषयीचा इशारा त्या वेळी कुणी का ऐकला नाही, याचे एक उत्तर आपल्याकडे आहे आणि कट्ट्यावर ते हमखास निसटते. जानेवारी १९३१मध्ये चर्चिल यांनी आपल्याच पक्षाच्या नेतृत्वाची साथ सोडली ती हिंदुस्थानच्या प्रश्नावर. पुढची चार वर्षे त्यांनी १९३५च्या कायद्याविरुद्ध अशी काही आघाडी उघडली की गांधींशी बोलणे म्हणजे साम्राज्याचा अंत, हे ऐकून सभासद कंटाळले. तोच माणूस तशाच चढ्या आवाजात हिटलरबद्दल बोलू लागला तेव्हा मंडळींनी तो हिंदुस्थानच्याच रडगाण्याचा पुढचा अंक मानला. आज बंगालच्या दुष्काळावरून चर्चिल यांना शिव्या देणारे आणि ‘आपल्याला एक चर्चिल पाहिजे’ म्हणणारे कित्येकदा एकाच बाकावर, कधी तर एकाच देहात बसलेले असतात. गांधींवर डूख धरणारा हटवादीपणा आणि १९४०मध्ये न वाकणारा हटवादीपणा एकाच माणसाचा आहे, हे पचवायला दोघांनाही जड जाते.

बाकावरच्या वादाने कुणाचे काही बिघडत नाही. तोच वाद सत्तेच्या टेबलावर गेला की बिघडते. अँथनी ईडन यांनी फेब्रुवारी १९३८मध्ये चेंबरलेन यांच्याशी न पटल्याने परराष्ट्रमंत्रिपद सोडले होते. जुलै १९५६मध्ये इजिप्तच्या नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा ईडन पंतप्रधान होते आणि त्यांना नासर यांच्या जागी मुसोलिनी आणि हिटलर दिसू लागले. सुरुवातीला विरोधी पक्षनेते गेट्स्केल यांनीही पार्लमेंटमध्ये हीच तुलना केली होती. इस्रायल आणि फ्रान्सशी गुप्त संगनमत करून ब्रिटनने इजिप्तवर हल्ला चढवला, अमेरिकेने पौंडाला आधार द्यायचे नाकारले आणि ६ नोव्हेंबरला युद्धबंदी पत्करावी लागली. ९ जानेवारी १९५७ला ईडन यांनी राजीनामा दिला. पुढे २८ जुलै १९६५ला लिंडन जॉन्सन यांनी व्हिएतनाममधले सैन्य ७५,०००वरून १,२५,०००वर नेत असल्याची घोषणा केली, तेव्हा हिटलर आणि म्युनिकचा धडा त्यांनी नाव घेऊन सांगितला. हो ची मिन्ह यांचा लढा वसाहतवादाविरुद्धचा होता, की त्यांना खरोखर जग जिंकायचे होते? ज्याला उत्तर आधीच पाठ आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही.

या शिक्क्याला दबला नाही असा एक गडी सापडतो. जॉन केनेडी यांचे वडील म्युनिकच्या वेळी लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि चेंबरलेन यांच्या धोरणाचे पुरस्कर्ते. मुलाने हार्वर्डमधला प्रबंध म्युनिकवरच लिहिला. १९४०मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला. दोष एका नेत्याचा नसून शस्त्रसज्जतेला उशीर करणाऱ्या साऱ्या लोकशाहीचा, असा त्याचा सूर होता. १९ ऑक्टोबर १९६२ला क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून बैठक चालू असताना हवाईदल प्रमुख कर्टिस लमे यांनी राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावर सांगितले की हल्ला न करता नाकेबंदी करणे हे जवळजवळ म्युनिकइतकेच वाईट आहे. बैठकीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. केनेडी भडकले नाहीत, बधलेही नाहीत. त्यांनी नाकेबंदीच केली आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रे हलवण्याचे रशियाला गुपचूप कबूल केले. गुपचूप अशासाठी, की उघड केले असते तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातीही छत्री दिली गेली असती. तशी ती शेवटी दिसलीच. २२ नोव्हेंबर १९६३ला डॅलसमध्ये केनेडी यांची हत्या झाली तेव्हा लख्ख उन्हात एक माणूस रस्त्याकडेला काळी छत्री उघडून उभा होता. वर्षानुवर्षे त्याच्यावर कटाचा संशय घेतला गेला. १९७८मध्ये त्याने संसदीय समितीपुढे सांगितले की केनेडींना वडिलांच्या चेंबरलेनशी असलेल्या जवळिकीवरून चिडवण्यासाठी आपण छत्री नेली होती.

प्रस्तुत लेखकाचा निकाल विचाराल तर तो असा: चेंबरलेन घाबरले नाहीत, फुगले. हिटलर आपल्याला ओळखतो, मानतो, ही घमेंड त्यांना नडली, आणि ती त्यांच्याइतकीच खंबीर म्हणवणाऱ्या नेत्यांनाही नडू शकते. निकाल मान्य नसेल तर जरूर भांडा. पण यंदा फराळाच्या ताटावर हा विषय निघाला तर आधी २४ आणि २५ सप्टेंबर १९३८च्या मंत्रिमंडळ बैठकींचे इतिवृत्त वाचून या. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळते.