कडबा गेला, कुटार आलं

पुण्यात कोणासमोर 'कुटार' म्हटलं की समोरचा हमखास 'काय? कुठार?' असं विचारतो. मग समजावून सांगणं आलं. सोयाबीन, तूर, हरभरा मळणीयंत्रातून काढताना दाणे एका बाजूला पडतात आणि दुसऱ्या बाजूने टरफलं, काड्या, भुसकट यांचा ढीग उडतो, ते कुटार. आमच्या अमडापूरकडे (चिखली-खामगाव रस्त्यावरचं, टेकडीवरच्या बल्लाळी देवीचं गाव) हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. दिवाळीच्या आगेमागे फोन झाला की 'तब्येत कशी आहे'च्या पाठोपाठ 'कुटार भरलं का?' येतंच.

चाराटंचाई म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो, छावण्या आठवतात. पण बऱ्या पावसाच्या वर्षीही गावात एक टंचाई असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कारण कुटाराचे ढीग तर गोठ्याच्या आढ्याला टेकलेले असतात. आमच्या मोठेबाबांकडे आता एकच गाय आहे. बैलजोडी मागेच विकली. गाय पोटभर खाते आणि दोन्ही वेळचं मिळून जेमतेम चार लिटर दूध देते. मोठेबाबांचं निदान एका वाक्याचं: "कुटारानं पोट भरते रे, कास भरत नाही."

थोडं वाचल्यावर लक्षात आलं की हे वाक्य शास्त्राला धरून आहे. सोयाबीन पिकत आलं की त्याची पानं शेतातच गळून जातात. पौष्टिक भाग तोच. मळणीपर्यंत उरतात त्या शेंगांची टरफलं आणि लाकडासारखी खोडं. कागदावर या कुटारात कडब्यापेक्षा थोडी जास्तच प्रथिनं निघतात, पण खोडातलं लिग्निन गाईच्या पोटातल्या जिवाणूंना फोडता येत नाही. खाण्यातली प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की हे जिवाणू मंदावतात. मग पोटात गेलेला चारा नुसता पडून राहतो, आणि पोट भरलेलं म्हणून गाय आणखी खातही नाही. गव्हाणीत रोज सकाळी जाड काड्यांचा थर उरतो, तो गाईचा अभिप्राय समजावा. तुरीचं आणि हरभऱ्याचं कुटार ती बरं खाते, पण ते थोडं असतं.

कडब्यात प्रथिनं फार असतात असं नाही, ३-४ टक्केच. पण त्याला पानं असतात, आणि कुट्टी करून दिला तर ताटातला गोडवा जनावराला आवडतो. तो गेला ज्वारीबरोबर. ज्वारी टाकणारे लोक वेडे नव्हते बरं का! पाखरं, रोही, रानडुकरं, कापणीला न मिळणारे मजूर, काढणीच्या वेळी पाऊस आला की काळं पडणारं कणीस, आणि एवढं करून भाव नाही. सोयाबीन चार महिन्यांत पैसा देतं आणि हरभऱ्याला रान मोकळं करतं. घरातली भाकर गेली ती सगळ्यांना कळली, पोळी आली. गाईचंही ताट त्याच वेळी गेलं, ते कोणी हिशेबात धरलं नाही.

खरं तर हिशेबात न धरण्याची सवय जुनी आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही आपल्याकडची पहिली संकरित ज्वारी आली. दाणा भरघोस, ताट मात्र बुटकं. वाण चांगला की वाईट हे दाणा मोजून ठरू लागलं. व्यापाऱ्यांनी मात्र वैरण नजरेने तोलणं सोडलं नाही. हैदराबादच्या चारा बाजारात २००४-०५ मध्ये संशोधकांनी ज्वारीच्या कडब्याचे नमुने तपासले. पचनीयता ४७ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेली की भावात २५ टक्के आणि त्याहून जास्त फरक पडत होता. प्रयोगशाळेत न जाता, नुसत्या हाताने चाचपून!

मग उणीव भरून काढायला सरकी ढेप. ती आपल्याच वऱ्हाडातल्या कपाशीची, पण भाव वायदेबाजार सांगणार. तिथल्या सरकी ढेपेच्या कराराच्या चिन्हात आजही अकोल्याची आद्याक्षरं आहेत. अंगठ्याचा नियम असा की अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक, शिवाय अंगपोसणीचा वेगळा. चार लिटरच्या गाईला हे परवडेपर्यंत दूध संपतं.

दुसरा उपाय पुस्तकात असतो: १०० किलो गव्हांड्याला ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थर दाबायचे, प्लास्टिकखाली तीन आठवडे हवाबंद ठेवायचे. प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. उपाय खरा आहे. पण प्रमाण चुकलं तर युरिया विष आहे, लहान वासरांना हा चारा चालत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी मोठीआईला डोक्यावरून आणावं लागतं. ती म्हणाली, "एका गायीसाठी एवढा कुटाणा कोन करते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून यंदा घरात वेगळाच वाद चालू आहे. मोठेबाबांना एकरभर ज्वारी पेरायची आहे, दाण्यासाठी नव्हे, कडब्यासाठी. बरी साधली तर एकरी २०-२५ क्विंटल कडबा. दिवसाला सात किलो धरला तर एका गाईचं जवळपास वर्ष निघतं. चुलतभाऊ म्हणतो, तेवढ्या सोयाबीनच्या पैशात दूध विकत घ्या आणि गाय विका. त्याचं गणितही चुकीचं नाही. फक्त त्यात शेणखत नाही, आणि गाय गेल्यावर रिकाम्या गोठ्याकडे बघत बसणारा म्हातारा माणूस नाही.

शेवटी तडजोड झाली. नाल्याकाठचा अर्धा एकर ज्वारीला, बाकी सगळं सोयाबीन-तूर. पाखरं राखायला मोठेबाबा स्वतः बसणार, वय वर्षं एकाहत्तर. गाय विकायचा विषय कडबा घरात येईपर्यंत काढायचा नाही, असं मोठीआईने सांगून टाकलं आहे.