पिसांआडचा श्वास

बजरीगर आजारी पडला की आधी ते लपवतो. दांडीवर नीट बसतो, वाटीपाशी जातो, दाणे उगाच चोचीनं हलवतो, आणि आपल्या लक्षात येईपर्यंत दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. हे त्याच्या रक्तातच आहे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, उजाड अंतर्भागात हे पक्षी थव्यांनी भटकतात. पाऊस जिकडे झाला तिकडे जातात, गवताचं बी टिपतात, पाणवठ्यावर कधी हजारोंनी उतरतात. वर ससाणा फिरत असतो. थव्यात जो जरा मागे पडला, ज्याचा पंख जरा वेगळा हलला, तो त्याच्या नजरेत भरतो. तेव्हा अंगात बळ नसलं तरी असल्यासारखं वागायचं, हा तिथला जगण्याचा नियम. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं १८४० मध्ये काही जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले. त्यानंतर जगभर यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या. ससाणा मागे राहिला, नियम मात्र पिसांखाली तसाच आहे.

म्हणून पहिला पक्षी घ्यायला जाताना पैशांच्या आधी हाताशी वेळ असावा, असं मला मनापासून वाटतं. आपण दुकानात शिरलो की पक्षी सावध होतात, आणि सावध पक्षी स्वतःच्या तब्येतीविषयी काही कळू देत नाही. पिंजऱ्यापासून थोडं मागे, बोट न दाखवता, गप्प उभं राहायचं. हळूहळू त्यांना आपला विसर पडतो. मग कुणी खाली उतरून दाणे फोडू लागतो, कुणी शेजाऱ्याच्या मानेची पिसं विंचरतो, कुणी एक पाय पोटाशी घेऊन डुलकी काढतो. आणि ज्याला बरं नाही त्याचंही अवसान गळतं. तो पिसं फुलवून, दोन्ही पायांनी दांडी धरून, भर दुपारी डोळे मिटून बसतो.

मुलीबरोबर गेले होते तेव्हा तिला नेमका असाच एक आवडला. आकाशी रंगाचा, गोल फुगलेला. बाकीचे फडफडाट करत होते आणि हा मात्र तिनं जाळीला बोट लावलं तरी हलला नाही. "आई, हाच! किती शांत आहे बघ ना," ती म्हणाली. दुकानदारानं लगेच त्याला मुठीत धरून बाहेर काढलं. "गरीब आहे ताई, अजिबात चावत नाही. जोडीच घ्या, मडकं फुकट देतो." मी त्या पक्ष्याच्या शेपटीकडे बघत होते. प्रत्येक श्वासाबरोबर ती खाली-वर होत होती. निरोगी बजरीगर शांत बसलेला असताना त्याचा श्वास शोधावा लागतो. हा सगळं अंग हलवून श्वास घेत होता. एका नाकपुडीवरची बारीक पिसं ओली होऊन चिकटली होती. पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी, विष्ठेचा वाळका थर होता.

मुलीला मी हे एकेक करून दाखवलं. तिचे डोळे भरून आले. मग तर यालाच न्यायला हवं, असं तिचं म्हणणं. त्यावर तिथं उभ्याउभ्या मी जे उत्तर दिलं तेच आजही देईन. ज्याला पक्षी कसा खातो, कसा झोपतो हेच अजून माहीत नाही, त्याच्या हातात मरणाशी झुंजणारा जीव देणं हा त्या जिवावरही अन्याय आहे. दुकानदाराला म्हटलं, याला डॉक्टरांकडे न्या, निदान बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. त्यानं तो पुन्हा त्याच पिंजऱ्यात सोडला. मग तिथला कुठलाच पक्षी आम्ही घेतला नाही. सगळ्यांची पाण्याची वाटी एकच होती.

मूग आम्हाला मिळाला तो घरच्या घरी बजरीगर वाढवणाऱ्या एका गृहस्थांकडे. हिरवा, म्हणून मूग. त्याच्या कपाळावरच्या काळ्या आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत उतरल्या होत्या; तीन-चार महिन्यांचा झाला, पहिली पिसं झडली की हे कपाळ स्वच्छ पिवळं होतं. डोळे नुसते काळेभोर होते. वय वाढतं तसं बुबुळाचं फिकट कडं दिसू लागतं. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवती जी गुळगुळीत मांसल पट्टी असते ती पिल्लांत जांभळट-गुलाबी असते, मोठ्या नरात निळी होते आणि मादीत फिकट किंवा तपकिरी. लाल डोळ्यांच्या पिवळ्या-पांढऱ्या पक्ष्यांत मात्र नराचीही गुलाबीच राहते. चोचीच्या कोपऱ्यांवर, पायांवर पांढरट, सच्छिद्र खपली दिसली तर ते किडीचं काम असतं. डोळ्यांना न दिसणारी ही कीड औषधानं जाते, पण असा पक्षी पहिला म्हणून आणू नये. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि चारांची पकड घट्ट असायला हवी. मूगनं माझं बोट धरलं तेव्हा त्याच्या नखांची टोकं मला जाणवली आणि बरं वाटलं.

रंगाविषयी मात्र मुलीचं मन मी मोडलं नाही, फक्त तिला एक गोष्ट सांगितली. रानातले बजरीगर सगळे हिरवे-पिवळेच. त्यांच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या रचनेतून उजेड असा विखुरतो की आपल्याला निळं दिसतं, त्यावर पिवळं रंगद्रव्य चढलं की हिरवं. पिवळं रंगद्रव्य तयार झालं नाही की पक्षी निळा. शिवाय आपल्याला न दिसणारे अतिनील किरण या पक्ष्यांना दिसतात, आणि डोक्यावरची पिवळी पिसं ते किरण शोषून चमकतात. २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता: डोक्यावरच्या पिसांना अतिनील किरण अडवणारं मलम लावलं की त्या पक्ष्याकडे जोडीदार कमी वळू लागले. आपण ज्या रंगावर भाळून पक्षी निवडतो, तो त्याच्या सोबत्यांना वेगळाच दिसत असतो. तेव्हा रंग शेवटी बघावा. आधी श्वास.

आमच्या आजोळी वाड्याच्या पडवीत पोपटाचा पिंजरा असे. भिजलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची आणि शिकवलेली दोन नावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या रानातले पोपट पाळायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पिंजऱ्यातच जन्मलेल्या परदेशी बजरीगराला ती लागू नाही. पण पडवीतल्या त्या पोपटाला शेपूट सांभाळून फिरता येईल एवढीही जागा नव्हती, हे मला आठवतं, आणि म्हणून मूगचा पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा घेतला. बजरीगर आडवा उडतो. दांड्या पेरूच्या आणि कडुनिंबाच्या फांद्यांच्या, कुठे जाड कुठे बारीक, म्हणजे पायांवर एकाच जागी भार पडत नाही. मडकं टांगलंच नाही. मडकं दिसलं की मादी अंडी घालू लागते, एकामागून एक अंडी घालून झिजते, कधी अंडं अडकून जीवही जातो. फुकट मिळणाऱ्या त्या मडक्यानं किती माद्या गेल्या असतील.

पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब, एक बाजू भिंतीला. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत जाते, शरीरभर हवेच्या पिशव्या असतात. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू त्याला त्यातून मिळतो आणि विषारी धूरही तितक्याच लवकर भिनतो. तापून करपलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ आपल्याला जाणवतही नाही, पण त्याला काही मिनिटांत मारू शकते. देवघरातली उदबत्ती आम्ही गच्चीतल्या तुळशीपाशी लावायला लागलो, डासांची कॉइल बंद केली. सासूबाईंनी एका शब्दानं तक्रार केली नाही. मूग खोलीत मोकळा असताना छताचा पंखा बंद आणि खिडकीला पडदा, हा घरातला नियम पाहुण्यांनाही लागू आहे.

त्याची वाटी रोज बघावी लागते, आणि जवळून. बजरीगर दाणा चोचीत फिरवून सोलतो, गर खातो आणि टरफल तिथंच टाकतो. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते. फुंकर मारली की सोनेरी टरफलं उडतात आणि खाली कधी मूठभर दाणे निघतात, कधी एकही नाही. भरलेल्या दिसणाऱ्या वाटीपुढे पक्षी उपाशी राहू शकतो. दाणे राळ्याचे आणि बाजरीचे. राळा आमच्याकडे एकेकाळी माणसं भातासारखा शिजवून खात. आता शहरात तो पक्ष्यांच्या दुकानात सहज सापडतो. पण नुसत्या दाण्यावर हा पक्षी फार जगत नाही. 'अ' जीवनसत्त्व कमी पडतं, आयोडीन कमी पडून गळ्यातली ग्रंथी सुजते. म्हणून सकाळी कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर. ओल्या मेथीच्या जुडीत मूग आधी अंग घासून आंघोळ करतो आणि मग खातो. चुन्यासाठी समुद्रफेण, कोकणच्या किनाऱ्यावर ते वाहून येतं, गोड्या पाण्यात भिजवून, उन्हात कडकडीत वाळवून जाळीला बांधायचं. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, खारट फरसाण यांतलं काहीही त्याच्या चोचीला लागू द्यायचं नाही.

सकाळी पिंजऱ्याखालचा कागद बदलते तेव्हा विष्ठा बघते: गडद हिरवी वळी, तिच्यात पांढरा भाग, भोवती थोडं पाणी. रंग बदलला, नुसतं पाणी झालं, तर त्या दिवसापुरतं लक्ष वाढवायचं. आणि वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर छोटी दांडी ठेवून मूगला तिच्यावर उतरायला शिकवलंय. तो ३० ते ४० ग्रॅमच्या मधला जीव. तीन-चार ग्रॅम घटले की पिसं काहीही सांगोत, डॉक्टरांकडे न्यायचं. पक्ष्यांचे जाणकार डॉक्टर सगळीकडे नसतात, त्यामुळे त्यांचा पत्ता पक्षी आणण्याआधी शोधलेला असावा.

"बोलतो का?" असं प्रत्येक जण विचारतो. बजरीगर बोलू शकतो. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या एका बजरीगराच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम नोंदला गेला आहे. मूग मुलीचं नाव घेतो, तेही पुटपुटत. मला त्याचं संध्याकाळचं करकरणं जास्त आवडतं. झोपेआधी, पोट भरलेलं असताना, तो चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासतो आणि बारीक, कोरडा आवाज येतो. तो आवाज ऐकला की मी पिंजऱ्यावर पातळ कापड टाकते. दहा-बारा तास अंधार त्याला लागतो.

दिवसभर घर रिकामं असतं हे लक्षात घेऊन पुढे हळद आणली, पिवळी मादी. महिनाभर तिला दुसऱ्या खोलीत, वेगळ्या वाट्यांत ठेवलं, कारण दिसायला ठणठणीत पक्षीही आजार घेऊन येऊ शकतो. एकमेकांना न बघता दोघं बंद दाराच्या दोन्ही बाजूंनी ओरडत. जोडी जमली की नर मादीची हाक उचलतो, हे अभ्यासकांनी ध्वनिमुद्रणं ताडून दाखवलंय. आमच्याकडे पिंजरा एक झाल्यावर काही आठवड्यांत मूगची जुनी तुटक हाक गेली आणि दोघांची हाक सारखी झाली. स्वयंपाकघरात असले तर कोण ओरडतंय हे मला ओळखता येत नाही. मुलीला येतं. हळदची हाक शेवटी किंचित वर चढते, म्हणाली, आणि मूग ती हाक देण्याआधी छोटा श्वास घेतो.